टीसीची पावती आणि कोर्टाचा दंड : विनातिकीट प्रवासाचा कायदा नेमका काय सांगतो

विदर्भाच्या खेड्यांतील बहुतेकांचा पहिला प्रवास एसटीने होतो आणि तिकिटाविषयीची आपली पहिली समजूतही तिथेच तयार होते. एसटीत आपण आधी चढतो, जागा धरतो, पिशवी पायाशी ठेवतो आणि मग कंडक्टर आपल्यापर्यंत येऊन तिकीट देतो. तो आलाच नाही, तर चूक त्याची असे आपल्याला वाटते आणि ते फारसे चुकीचेही नसते. रेल्वेत मात्र हा क्रम नेमका उलटा आहे. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाचे कलम ५५ असे सांगते की, योग्य तिकीट किंवा पास जवळ असल्याशिवाय, अथवा रेल्वेच्या अधिकृत कर्मचाऱ्याची परवानगी असल्याशिवाय, प्रवासासाठी डब्यात शिरताही येत नाही. म्हणून पॅसेंजरमध्ये पकडलेला माणूस जेव्हा ‘साहेब, आम्ही तिकीट घेणारच होतो, पण कोणी आलेच नाही’ असे सांगतो, तेव्हा तो खोटे बोलत असतोच असे नाही. तो एसटीचा नियम रेल्वेत सांगत असतो.

आता स्थानकांची रचना पाहा. २०१९ साली सुरू झालेल्या नागपूर मेट्रोत तिकीट दाखवल्याशिवाय फाटक उघडत नाही, त्यामुळे तिथे तपासणी यंत्रच करते. गोंदिया ते बल्लारशा मार्गावरील सौंदड, अर्जुनी, सिंदेवाही किंवा मूल अशा स्थानकांवर मात्र फलाटावर जाण्यासाठी अडवणारे फाटक नसते, आणि लहान थांब्यांवर तर धानाच्या बांधावरून आलेली पायवाटच फलाटाला मिळते. अशा प्रत्येक ठिकाणी भिंत, फाटक आणि दिवसरात्र माणूस ठेवायचा म्हटले, तर त्याचा खर्च तिथल्या तिकीटविक्रीतून निघणार नाही. म्हणून रेल्वेने खेड्यातील स्थानके उघडी ठेवली आणि तपासणी गाडीत किंवा मोठ्या स्थानकाच्या दारात नेली. दर फेरीला तपासणी होत नाही, हे या रचनेत गृहीतच धरलेले आहे. मग न तपासलेल्या फेऱ्यांतही लोकांनी तिकीट का काढावे, या प्रश्नाला कायद्याने जे उत्तर दिले आहे, ते समजले की टीसीचे पुष्कळसे वागणे उलगडते.

सर्वांत आधी एक गोंधळ दूर करायला हवा. टीसी गाडीत जी पावती फाडतो, तिला सगळे दंड म्हणतात आणि त्यासोबत ‘सहा महिन्यांची जेल’ ही भीतीही जोडतात. कायद्यात मात्र या दोन वेगळ्या वाटा आहेत. पहिली वाट कलम १३८ ची. तिच्यात प्रवाशाच्या मनात काय होते, याला महत्त्व नाही. तिकीट नव्हते, किंवा होते पण दाखवता आले नाही, एवढेच पुरे. अशा प्रवाशाला प्रवासाचे भाडे आणि त्यावर जादा आकार द्यावा लागतो. हा जादा आकार भाड्याइतका किंवा २५० रुपये, यांपैकी जो जास्त असेल तो. भाडे ३० रुपये असेल, तर ३० अधिक २५० असे २८० रुपये भरायचे. भाडे ४०० रुपये असेल, तर ४०० अधिक ४००, म्हणजे ८००. पैसे भरले, पावती घेतली की प्रकरण तिथेच संपते.

दुसरी वाट कलम १३७ ची आणि तिच्या दारावर ‘फसवणुकीचा हेतू’ ही पाटी आहे. रेल्वेला फसवण्याच्या इराद्याने विनातिकीट प्रवास केला, किंवा एकदा वापरून झालेले तिकीट पुन्हा वापरले, तर तो गुन्हा ठरतो आणि त्याचा निकाल टीसी देत नाही, दंडाधिकारी देतात. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि विशेष कारण नोंदवल्याशिवाय दंड ५०० रुपयांपेक्षा कमी करता येत नाही. खरा ‘दंड’ हा आहे. टीसीला दंड ठोठावण्याचा अधिकार नाही, तो थकलेले भाडे आणि त्यावरचा आकार वसूल करतो. तिकीट खिडकीवरची रांग संपण्याआधी गाडी सुटू लागली म्हणून धावत चढलेला विद्यार्थी आणि जुन्या पासवरची तारीख खोडून नवी लिहिणारा माणूस, हे दोघे टीसीच्या दृष्टीने विनातिकीटच असले, तरी कायद्याने त्यांना एका मापाने मोजलेले नाही, आणि मला ते योग्य वाटते.

कलम १३८ मधील सर्वांत हुशार तरतूद भाडे कुठून मोजायचे याविषयीची आहे, आणि नेमकी तीच लोकांना ठाऊक नसते. तिकीट नसलेला प्रवासी कुठे चढला, हे टीसीला कळणार कसे? ‘मी आत्ताच, मागच्याच स्टेशनावर चढलो’ हे वाक्य प्रत्येक टीसीने हजारदा ऐकलेले असते. कायदा म्हणतो की, चढलेल्या स्थानकाविषयी शंका असेल, तर गाडी मुळात जिथून सुटली तिथून भाडे धरावे. वाटेत तिकिटांची तपासणी झालेली असेल, तर शेवटची तपासणी जिथे झाली तिथून धरावे. महाराष्ट्र एक्स्प्रेस गोंदियाहून सुटते. धामणगावला चढून अकोल्याला निघालेल्या माणसाला बडनेऱ्यानंतर टीसीने गाठले आणि धामणगावला चढल्याचा कोणताही आधार त्याच्याजवळ नसेल, तर भाडे गोंदियापासून लागू शकते. वर्ध्याला सगळ्या डब्याची तपासणी झालेली असेल, तर ते वर्ध्यापासून लागेल.

हा नियम पहिल्यांदा ऐकताना अन्यायाचा वाटतो, कारण न केलेल्या प्रवासाचे भाडे मागितल्यासारखे दिसते. मात्र हा नियम नसता, तर काय झाले असते? प्रत्येक विनातिकीट प्रवासी लगतच्या मागच्या स्थानकाचे नाव सांगून मोकळा झाला असता, आणि दोनशे किलोमीटर फुकट आलेल्याला दहा किलोमीटरचे भाडे भरून सुटता आले असते. कायद्याने पुराव्याचे ओझे ज्याला खरे ठाऊक आहे त्याच्या खांद्यावर ठेवले आहे. प्लॅटफॉर्म तिकिटाविषयीची प्रसिद्ध समजूतही इथूनच आली. १० रुपयांचे प्लॅटफॉर्म तिकीट जवळ असले की गाडीत बसता येते, असे खेड्यापाड्यांत सांगितले जाते, पण ते प्रवासाचे तिकीट नव्हे आणि त्याने जादा आकार माफ होत नाही. त्याचा उपयोग इतकाच की, आपण कोणत्या स्थानकावरून चढलो याचा तो एक आधार ठरतो आणि भाडे तिथून मोजले जाते.

जादा आकार टाळण्याची खरी वाट वेगळी आहे आणि ती १९८९ च्या कायद्यातच लिहिलेली आहे. तिकीट काढायला वेळच मिळाला नाही, तर गाडीत शिरण्यापूर्वी अधिकृत रेल्वे कर्मचाऱ्याला, म्हणजे व्यवहारात गाडीच्या गार्डला गाठून सांगायचे आणि त्याच्याकडून तशी चिठ्ठी घ्यायची. २०२२ पासून गार्डचे अधिकृत पदनाम ‘ट्रेन मॅनेजर’ झाले आहे, पण आमच्याकडे अजून त्यांना गार्डसाहेबच म्हणतात. अशी चिठ्ठी असेल, तर फक्त भाडे द्यावे लागते, २५० रुपये नाहीत. दोन मिनिटे थांबणाऱ्या गाडीत शेवटच्या डब्यापर्यंत धावत जाऊन चिठ्ठी मागणे किती जणांना जमेल, हा प्रश्न अगदी रास्त आहे. तरीही ही तरतूद एक गोष्ट स्पष्ट करते. आधी सांगणारा माणूस आणि पकडल्यावर सांगणारा माणूस, यांच्यामध्ये कायदा रेघ ओढतो.

आता थोडे गणित करू, कारण टीसी स्लीपरमध्ये रोज येतो आणि पॅसेंजरमध्ये महिनोन्महिने दिसत नाही, याचे कारण गणितात आहे. पॅसेंजरचे किमान भाडे १० रुपये धरा. पकडले गेले तर २६० रुपये जातात, म्हणजे सव्वीस फेऱ्यांचे भाडे. सरासरीने सव्वीस फेऱ्यांत एकदा जरी तपासणी झाली, तरी फुकट जाणाऱ्याचा हिशेब बरोबरीत येतो आणि त्याहून अधिक वेळा झाली की तो तोट्यात जातो. ३० रुपयांच्या भाड्याला हेच प्रमाण साधारण नऊ फेऱ्यांत एकदा असे होते. परंतु भाडे ४०० रुपये असेल, तर पकडल्यावर ८०० जातात, म्हणजे फक्त दोन फेऱ्यांचे. अशा लांबच्या प्रवासात धाक टिकवायचा, तर दर दोन फेऱ्यांत एकदा तपासणी हवी. त्यामुळे लांबच्या आरक्षित डब्यांत दर फेरीला टीटीई, म्हणजे गाडीतला तिकीट तपासनीस, नेमणे रेल्वेला भागच पडते, आणि जवळच्या गाड्यांत अधूनमधून पथक पाठवले तरी काम भागते. २५० रुपयांची किमान मर्यादा मुख्यतः जवळच्या प्रवाशासाठी आहे. २००४ पूर्वी ती ५० रुपये होती. तेव्हाच्या २५० रुपयांचा जो वचक होता तो आज राहिलेला नाही, हे बाजारात तुरीच्या डाळीचा भाव विचारणाऱ्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

अर्थात खेड्यातला माणूस असा कागदावर हिशेब मांडून गाडीत चढत नाही. आमच्या भागात टीसीने बखोटीला धरून फलाटावर उतरवले आणि त्याच वेळी समोरून गावचा पोलीस पाटील आला, ही लाज अडीचशे रुपयांपेक्षा जड असते.

अधूनमधून येणाऱ्या या पथकांचेही प्रकार आहेत. कधी चार-सहा टीसी एकदम एखाद्या मधल्या स्थानकावर चढतात आणि दोन्ही टोकांकडून डबे तपासत येतात, म्हणजे एका दारातून उतरून पळायला वाव राहत नाही. कधी मोठ्या स्थानकाच्या सगळ्या वाटा एकाच वेळी अडवतात. त्याला रेल्वेच्या बोलीत किल्लाबंदी तपासणी म्हणतात. कधी सोबत रेल्वे सुरक्षा दलाचे जवान असतात आणि दंडाधिकारी स्वतः स्थानकावर बसतात. मग कलम १३७ ची प्रकरणे तिथल्या तिथे निकाली निघतात. जनरल डब्यात मात्र गर्दी हेच फुकट्याचे सर्वांत मोठे संरक्षण असते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडे किंवा आषाढीला पंढरपूरकडे निघालेल्या गाडीत टीसीला पाऊल ठेवायला जागा नसते, आणि अनेक गाड्यांत जनरल डब्यातून पुढच्या डब्यात जायला आतून वाटही नसते.

म्हणूनच ‘या महिन्यात विनातिकीट प्रवाशांकडून इतके कोटी वसूल’ अशा बातम्या वाचताना सावध राहावे. तो आकडा किती जण फुकट गेले हे सांगत नाही. किती तपासण्या झाल्या आणि किती जण सापडले, एवढेच सांगतो. पथके दुप्पट केली की वसुली वाढेल आणि त्याच महिन्यात फुकट्यांची खरी संख्या घटलेली असू शकेल.

येथे तिकिटाच्या इतिहासाकडे थोडे वळायला हवे. साठीच्या पुढच्या वाचकांना पुठ्ठ्याचे छोटे तिकीट आठवत असेल, ज्यावर खिडकीतला बाबू यंत्रात खट्‌ आवाज करून तारीख उमटवत असे. ही पद्धत इंग्लंडमधील थॉमस एडमंडसन या स्टेशनमास्तराने १८३० च्या दशकाच्या अखेरीस काढली. त्यापूर्वी बाबू हाताने चिठ्ठी लिहून देत असे, आणि किती चिठ्ठ्या दिल्या व किती पैसे जमा झाले याचा ताळा लागत नसे. एडमंडसनने प्रत्येक तिकिटावर अनुक्रमांक छापला. दिवसाअखेर गठ्ठ्यातील पुढचा क्रमांक पाहिला की, किती तिकिटे विकली आणि गल्ल्यात किती पैसे हवेत, हे लगेच कळू लागले. क्रमांक घातलेले तिकीट प्रवाशावर जितकी नजर ठेवते, तितकीच बाबूवरही ठेवते.

टीसीची पावती याच जातीची आहे. तिच्यावर क्रमांक असतो, कुठून कुठपर्यंतचे भाडे आणि किती जादा आकार हे लिहिलेले असते, आणि टीसीला त्या प्रत्येक क्रमांकाचा हिशेब द्यावा लागतो. आता अनेक टीसींच्या हाती यंत्र आले आहे आणि पैसे मोबाइलवरूनही भरता येतात, पण तत्त्व तेच आहे. ‘अडीचशे कशाला, शंभर द्या आणि गप बसा’ ही मांडवली म्हणूनच दुहेरी चोरी ठरते. पावतीविना दिलेल्या त्या शंभर रुपयांनी प्रवासी कायदेशीर होत नाही. पुढच्या स्थानकावर दुसरे पथक चढले, तर तो पुन्हा विनातिकीटच असतो. शिवाय भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरतो. पैसे दिले की पावती मागावी, आणि ती मिळत नसेल, तर १३९ या क्रमांकावर तक्रार करावी. योगायोग असा की, तिकीट न काढणाऱ्याला गाडीतून उतरवण्याचा अधिकार देणारे कलमही १३९ च आहे.

मोबाइलवरील तिकिटाचे कोडेही याच दृष्टीने सुटते. जनरलचे तिकीट मोबाइलवर काढताना रुळांच्या अगदी जवळ गेल्यास अ‍ॅप अडवते, आणि स्थानकात असाल तर तिथला क्यूआर कोड स्कॅन करायला लावते, याचा लोकांना राग येतो. पण गाडीत बसून तिकीट काढता आले असते, तर टीसी डब्यात शिरलेला पाहून मगच प्रत्येकाने बटण दाबले असते आणि टीसी आला नाही, तर कोणीच दाबले नसते. त्या तिकिटावर काढल्याची वेळ असते आणि टीसी ती पाहतो. ते तिकीट अ‍ॅपमध्येच दाखवावे लागते. भावाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला स्क्रीनशॉट चालत नाही. संगणकावर तिकीट किंवा पास बनावट तयार करणाऱ्याने तर हे पक्के समजून असावे की, तेथे प्रकरण रेल्वे अधिनियमापुरते राहत नाही. भारतीय न्याय संहितेखाली फसवणुकीसाठी केलेल्या बनावट दस्तऐवजाला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पावती फाटणाऱ्यांत एक मोठा वर्ग असा असतो की, ज्याच्याजवळ तिकीट असते पण चुकीचे असते, आणि मला सर्वांत जास्त कणव त्यांची येते. पॅसेंजरचे तिकीट घेऊन एक्स्प्रेसमध्ये बसणे, हे एक उदाहरण. दुसरे सुपरफास्टचे. महाराष्ट्र एक्स्प्रेस सुपरफास्ट नाही, विदर्भ एक्स्प्रेस आणि सेवाग्राम एक्स्प्रेस आहेत. दोन्ही प्रकारच्या गाड्या त्याच वर्धा स्थानकावर, काही वेळा त्याच फलाटावर थांबतात, पण सुपरफास्टला जनरल डब्यातही १५ रुपयांचा अधिभार असतो. त्या पंधरा रुपयांसाठी अडीचशे देण्याची वेळ येते. मग वेटिंगचे तिकीट. मोबाइलवर काढलेले आरक्षित तिकीट यादी लागल्यावरही वेटिंगमध्येच राहिले, तर ते आपोआप रद्द होते आणि पैसे परत येतात. त्यावर गाडीत बसलेला माणूस विनातिकीट असतो. खिडकीवरून काढलेले वेटिंगचे तिकीट असेल, तर जनरल डब्यात जाता येते, स्लीपरमध्ये नाही. जवळच्या प्रवासाच्या जनरल तिकिटालाही वेळेचे बंधन आहे. १९९ किलोमीटरपर्यंतच्या तिकिटावर तीन तासांत, किंवा त्या दिशेची पहिली गाडी सुटेपर्यंत, यांपैकी जे नंतर असेल तोपर्यंत प्रवास सुरू करावा लागतो. मधल्या वेळेत गाडी असेल, तर सकाळी काढलेले तिकीट संध्याकाळी वापरता येत नाही.

याउलट, ज्यांना फुकट जाण्याचा हक्कच आहे असे काही जण नाहक घाबरत गाडीत बसतात. घर ते शाळा-महाविद्यालय या मार्गावर मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत मिळतो. त्यासाठी संस्थेचे प्रमाणपत्र घेऊन खिडकीवर जावे लागते, एवढेच. ब्रह्मपुरीला किंवा वडशाला शिकायला जाणाऱ्या मुली टीसी दिसला की दुसऱ्या डब्यात पळतात, आणि त्यांच्या मुख्याध्यापकांनी हे प्रमाणपत्र द्यायचे असते हे कोणी त्यांना सांगितलेले नसते, याला काय म्हणावे?

शेवटचा मुद्दा, पैसे भरायला नकार दिला किंवा पैसेच नसले तर काय होते, हा. कलम १३८ ची रक्कम भरली नाही, तर रेल्वे दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते, ती रक्कम दंडाप्रमाणे वसूल होते आणि तरीही न भरल्यास किमान दहा दिवस आणि कमाल एक महिना कैद होऊ शकते. कलम १३९ नुसार टीसी अशा प्रवाशाला उतरवू शकतो, गरज पडल्यास इतरांची मदत घेऊनही. मात्र सोबत पुरुष प्रवासी नसलेली स्त्री किंवा मूल असेल, तर तिला वाटेल त्या स्थानकावर उतरवता येत नाही. ती जिथे चढली ते स्थानक, जंक्शन, शेवटचे स्थानक किंवा जिल्ह्याच्या मुख्यालयाचे स्थानक, एवढ्याच ठिकाणी आणि तेही दिवसाउजेडीच उतरवता येते.

हा नियम आपल्या नकाशावर ठेवून पाहावा. मुंबई मार्गावर वर्धा आणि अकोला ही जिल्ह्यांची ठिकाणे लागतात, शिवाय बडनेरा जंक्शन आहे. तिथे टीसीला फार वाट पाहावी लागत नाही. चांदा फोर्टहून गोंदियाकडे निघालेल्या गाडीत मात्र सिंदेवाही, ब्रह्मपुरी, वडसा, अर्जुनी ही स्थानके एकामागून एक जातात आणि त्यांच्यात नागभीड हे एकच जंक्शन लागते. मूल स्थानकावर चढलेली आणि पैसे नसलेली एकटी बाई नागभीड सुटल्यावर अंधारात टीसीला सापडली, तर तिला मध्ये कुठेही खाली उतरवता येत नाही. गोंदिया आले तरी दिवस उजाडेपर्यंत तिला गाडीतून काढता येत नाही, आणि टीसीला तोपर्यंत थांबावे लागते.